माझी सवत, बीपीची मशीन

मित्रांनो, तुमच्या मराठीच्या पेपरात फाटकी छत्री बोलते, फुटकी पाटी बोलते, वठलेलं झाड तर पुरवणी मागून घेऊन बोलतं. मला आजवर कुणी तोंड उघडू दिलं नाही. मी एक जुनी पितळी डबी आहे. मुठीत मावते, झाकण फिरकीचं आहे आणि माझ्या पोटात मिश्री असते. खडीसाखरेची नव्हे, तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, कुटून, वस्त्रगाळ करतात ती. तिने बायका दात घासतात. निदान तसं सांगतात. मी परीक्षेला का येत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

माझा जन्म नाशकातल्या तांबट लेनमधला. कारागिराने एका पत्र्यातून आरतीचं तबक ठोकलं आणि उरलेल्या कोपऱ्यातून मला. म्हणजे नात्याने ते तबक माझं सख्खं भावंड. ते देवापुढे ओवाळलं जातं आणि मी बाईच्या कनवटीला खोचली जाते. हेवा कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

भांडी बाजारातून मला मखमलाबादच्या बयाबाईंनी उचललं. त्यांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर आणि दोन वाफे झेंडू. सकाळी तोडायचं आणि दुपारी विकायचं, असं ते माळ्याचं घर. बयाबाई दिवसातून सात वेळा माझं झाकण उघडत. त्यांची सून मालन नवी नवी घरात आली, तेव्हा तिची दाढ ठणकायला लागली. बयाबाईंनी चिमूटभर मिश्री तिच्या बोटावर ठेवली आणि म्हणाल्या, “लाव. दुखायचं थांबंल.”

दुखायचं थांबलं. लावायचं थांबलं नाही.

पुढे एका सकाळी बयाबाई मेथी उपटता उपटता बसल्या जागी कलंडल्या आणि गेल्या. गाव म्हणालं, पुण्यवान बाई, अंथरुणाला खिळली नाही. त्यांचा रक्तदाब कुणी कधी मोजला नव्हता, त्यामुळे तो नव्हताच. तेरावं झालं आणि मी मालनच्या कनवटीला आले. इतर लोक तिला मालनबाई म्हणतात. मी मालन म्हणते. पंचेचाळीस वर्षं कमरेला राहिल्यावर एवढा हक्क येतो.

मित्रांनो, माझ्या भरभराटीच्या काळाबद्दल थोडं सांगते. मालनच्या घरात मालनचं स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर, बैल नवऱ्याचे, भांड्यांवर सासूचं नाव. पहाटे झेंडू तोडून झाला की ती पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे जाऊन उकिडवी बसायची, माझी फिरकी काढायची, तळहातावर चिमूट घ्यायची आणि पाच मिनिटं कुणाचीही सून, बायको, आई नसायची. त्या पाच मिनिटांत तिच्यासोबत फक्त मी. तुम्हीच सांगा, एवढा मान कुठल्या तबकाला मिळतो?

मग माझ्या सुखाला दृष्ट लागली. तीन वर्षांपूर्वी गावात तपासणीचं शिबिर भरलं. सून प्रतिभा हिने सासूला हाताला धरून नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि म्हणाल्या, “आजी, वरचा एकशे चौऱ्याहत्तर आहे.”

“मंग चांगलं हाय की,” मालन म्हणाली. “आमच्या भारतला बारावीला पेपरात कधी एवढे पडले नाय.”

“आजी, हे मार्क नाहीत. डोकं दुखतं? चक्कर येते?”

“काय बी होत नाय. ठणठणीत हाय मी.”

“म्हणूनच मोजावं लागतं. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि एक दिवस एकदमच होतं.”

डॉक्टरीणबाईंनी लगेच गोळी दिली नाही. आणखी दोन दिवस वेगवेगळ्या वेळी बोलावून मोजलं, रक्त-लघवी तपासली आणि मगच कागदावर लिहायला घेतलं. वय वाढलं की नसा कडक होतात, म्हणाल्या. वजन, मीठ, लोणची-पापड, सततची काळजी यांनीही दाब चढतो. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून मनाने आणलेल्या गोळ्यांनीही चढतो. घरात आणखी कुणाला होता का, असं त्यांनी विचारलं.

“सासूला असंल. लय तापट व्हती.”

“सासूचं रक्त तुमच्यात नाही, आजी.”

“रक्त नाय, पण सवयी समद्या तिच्याच हायेत.”

हे वाक्य ऐकून मी कनवटीतल्या कनवटीत आक्रसले. आणि तो प्रश्न आलाच. “तंबाखू, मिश्री काही?”

“थोडी.”

“थोडीही नको.”

घरी आल्यावर मोठी सभा झाली. मुलगा भारत सिन्नरच्या कारखान्यातून सुट्टी काढून आला. प्रतिभाने शपथ घ्यायला लावली. नवरा गोटीराम यांनी खाली बघितलं, कारण तंबाखूची पुडी टपरीवरून तेच आणायचे. मालनने सगळ्यांसमोर गळ्याला हात लावून सांगितलं, “सोडली. बुधवारच्या बाजाराला जाईन, तवा ती डबी गंगेत सोडून येईन.”

बुधवारी ती गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, बाजारात बसली, मेथी विकली आणि संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं की डबी गंगेत सोडली. आनंदाने प्रतिभाने साजूक तुपातला शिरा केला. माझ्या जाण्याप्रीत्यर्थ घरात सगळ्यांनी दोन दोन वाट्या खाल्ला. मालन शिरा खात होती तेव्हा मी तिच्या कमरेलाच होते. जिवंत माणसाला कागदावर मेलेलं दाखवतात असं मी ऐकून होते. ते डबीच्याही बाबतीत होतं, हे त्या दिवशी कळलं.

पण मी तक्रार करत नाही. लपलेल्या प्रेमाला गोडी अधिक असते, असं मला तेव्हा वाटत होतं.

आठवड्याने भारतने ती आणली. माझी सवत. बीपीची मशीन.

पांढरी, गोरीपान, टपोऱ्या आकड्यांची. तिला चेनवाली पिशवी. तिला चार सेल. ते संपायच्या आत नवे आणून ठेवलेले. माझ्या फिरकीचे आटे घासून गेले तरी कुणाला पत्ता नव्हता. तिला शोकेसमध्ये टीव्हीशेजारी जागा, आणि प्रतिभाने तिच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. माझी रात्र मोटारीच्या खोलीमागे, ग्रीसच्या डब्याच्या आड. शिवाय तिची मिठी! पट्टा दंडाभोवती गुंडाळायची, घर्रर्र करत आवळायची आणि मालन डोळे मिटून बसायची. मी पंचेचाळीस वर्षं कमरेला होते, पण असं सगळ्यांदेखत कधी कवटाळलं नव्हतं.

आणि तिचे नखरे किती! प्रतिभाने तिच्यासोबतचा कागद मोठ्याने वाचून दाखवला होता. आधी लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. पाय जमिनीवर, मांडी घालायची नाही. दंड छातीच्या उंचीला. मोजताना कुणी बोलायचं नाही. त्या पाच मिनिटांत गोटीराम टीव्हीचा आवाज बंद करत आणि खोकला गिळून टाकत. माझ्यासाठी या घरात आजवर कुणी साधी शिंक आवरली नव्हती.

कागदावर शेवटी एक ओळ होती. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. प्रतिभाने ती वाचली आणि कागद मिटून ठेवला. घरात तंबाखू नव्हतीच ना, आणि चहाचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी तर गंगेत होते.

तर मित्रांनो, रोजचा क्रम असा पडला. मालन पहाटे झेंडू तोडायची, मोटारीच्या खोलीमागे येऊन मला उघडायची, चूळ भरायची, लगबगीने घरात येऊन गरम चहा पोटात घालायची आणि लगेच बाजेवर दंड पुढे करून बसायची. मशीन घर्रर्र करायची. एकशे सहासष्ट. एकशे सत्तर. एकशे अडुसष्ट. प्रतिभा वहीत लिहायची. महिन्याने वही दवाखान्यात जायची. डॉक्टरीणबाईंनी आकडे बघून एका गोळीच्या दोन केल्या. दोन महिन्यांनी दोनाच्या तीन झाल्या.

गोळ्या मात्र मालनने एकदाही चुकवल्या नाहीत. संकष्टीलाही घेतल्या. गोळीने उपास मोडत नाही, असं प्रतिभाने समजावल्यावर तिने ते मानलं होतं. तरी आकडा उतरेना. मग घरात तपास सुरू झाला. पहिला संशय माझ्या सवतीवर आला. काय सांगू तुम्हाला, तो आठवडा मी किती मजेत काढला!

“चायनाची असंल,” गोटीराम म्हणाले, आणि त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला लावून बघितला. एकशे सव्वीस. प्रतिभाला लावला. एकशे दहा. त्यांनी पट्टा सोडला आणि निकाल दिला. “मशीन बराबर हाय. बाईतच बिघाड हाय.”

मग संशय मिठावर आला. प्रतिभाने पापड बंद केले, लोणच्याची बरणी माहेरी पाठवून दिली, ठेचा फक्त गोटीरामांच्या ताटात आणि तोही निम्मा. भाजीत मीठ चमचा मोजून पडू लागलं. गोटीराम पहिला घास घेऊन देवाकडे बघत. सगळ्या घरात उठता बसता एकच नाव. मीठ, मीठ, मीठ. आणि खरं सांगू का मित्रांनो? मला मिठाचाही हेवा वाटला. आकडा चढवत होते मी. मोजत होती ती मशीन, आणि शिव्या खात होतं मीठ. माझ्या कर्तबगारीचं साधं नावही कुठे निघत नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही कहाणी सांगितली नसती. पण मालनला दुपारी चक्कर येऊ लागली.

सकाळी मी आणि चहा मिळून आकडा वर ढकलायचो. तासा-दोन तासांत आमचा जोर ओसरायचा. आणि मग त्या तीन गोळ्या, ज्या आमच्या आकड्याशी लढायला पाठवलेल्या असायच्या, त्यांना समोर शत्रूच सापडायचा नाही. मग त्या मालनलाच खाली ओढायच्या. ती वाफ्यात बसलेली उठली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती बांधावरच्या शेवग्याला धरून उभी राहायची आणि कुणाला सांगायची नाही. मला माहीत होतं. मी तिच्या कमरेलाच होते, तिचा हात मलाच चाचपायचा. मी तेव्हाही मनात म्हटलं, बघ, अडचणीत तुला मीच आठवते.

त्या बुधवारी ती गंगेवरच्या बाजारात बसली होती. शेजारी नेहमीप्रमाणे लंकाबाई. लंकाबाई म्हणजे मालनची तीस वर्षांची बाजारमैत्रीण. टोमॅटो विकते आणि फुकट सल्ला देते.

“मालन, किती गं वाळलीस,” लंकाबाई म्हणाली. “सुनेनं आळणी खाऊ घालून पार पापड केला तुझा.”

“तिला काय बोलू नको, लंके. पोरगी लय करते.”

“करते गं. पण माणसाला चव लागते. चव गेली की जीव जातो.”

“जीव हाय अजून. त्या बाईला तेवढी जुडी दे माझी.”

“माझ्याकडून कशाला? ऊठ की, गिऱ्हाईक तुझं हाय.”

मालन मेथीची जुडी घेऊन झटक्यात उठली. तिचे गुडघे सरळ झाले, पण डोकं मागेच राहिलं. ती आधी लंकाबाईच्या टोमॅटोंवर आणि मग फरशीवर कुशीवर आपटली. माझ्यावर आपटली. तिच्या खुब्याच्या आणि फरशीच्या मधे मी होते. माझ्या अंगाला जो पोचा पडला तो आजही बोटाला लागतो.

बायका धावल्या. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा शोधू लागलं. लंकाबाईने मालनचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःच्या पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली आणि म्हणाली, “जरा मिश्री लाव गं. डोकं ठिकाणावर येईल.”

आणि मालनने लावली. लंकाबाईच्या डबीतली! पोचा मी खाल्ला आणि बोट त्या प्लास्टिकच्या डबीत गेलं. इतका राग मला मशीनचाही कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे दवाखान्यात. हाड मोडलं नव्हतं. मनगट सुजलं होतं आणि खुबा काळानिळा झाला होता. डॉक्टरीणबाई एक्स-रेचा फोटो बघून म्हणाल्या, “या वयात खुब्याचं हाड मोडलं असतं तर सहा महिने अंथरूण. पुढचं मी बोलत नाही.” मग त्यांनी मालनला बसवून दाब मोजला. एकशे चोवीस. तिला उभं केलं आणि पुन्हा मोजला. अठ्ठ्याण्णव.

त्यांनी वही उघडली. एकशे सत्तर, एकशे अडुसष्ट, एकशे बाहत्तर. वहीकडे बघितलं, मालनकडे बघितलं. “हे आकडे याच आजींचे आहेत ना?”

“बाई एकच हाय, डॉक्टर,” गोटीराम म्हणाले. “दुसरी कुठून आणू?”

“आजी, सकाळी उठल्यापासून मोजेपर्यंत काय काय करता? एकूण एक सांगा.”

“उठते. झेंडू तोडते. तोंड धुते. चहा घेते. बसते.”

“तोंड कशाने धुता?”

“पाण्यानं.”

खोटं नव्हतं. पाणी होतंच. मी माझा श्वास रोखून धरला. गोटीराम भिंतीवरचं बाळाच्या लशींचं वेळापत्रक वाचू लागले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “सकाळी एवढा आणि दुपारी एवढा कमी, हे कोडं सुटल्याशिवाय मला औषध वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही. वाढवलं तर पुन्हा पडतील. कमी केलं आणि सकाळचा आकडा खरा असला, तर मेंदूत रक्तस्राव होईल. दोन दिवस मोठ्या दवाखान्यात ठेवू. मूत्रपिंडाच्या, हृदयाच्या तपासण्या करू. प्रतिभा, स्वयंपाकात मीठ नक्की कमी आहे ना?”

आणि प्रतिभा रडायला लागली.

“मी चमचा मोजून टाकते हो. एकदा सोडून दोनदा मोजते. पण चुकत असेल तर माझंच काहीतरी चुकत असेल. आईंना काही झालं तर लोक मलाच म्हणतील. बाजारात काय बोलतात ते मला माहीत नाही का?”

मालनने तिच्याकडे बघितलं. तिची बोटं कनवटीला आली. मला वाटलं, धीरासाठी चाचपतेय. पण तिने मला ओढून बाहेर काढलं आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, पेनाशेजारी, ठक्कन ठेवलं.

“हिच्या मिठाचा काय दोष नाय. हे बघा. ह्याचा हाय.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा टेबलावर बसले होते. माझ्या सवतीच्याही थोरल्या बहिणीशेजारी, दवाखान्यातल्या मोठ्या यंत्राशेजारी. सगळे माझ्याकडे बघत होते. क्षणभर मला वाटलं, आता माझीही वही होणार.

प्रतिभा डोळे पुसायचं विसरली. “आई, ही तुम्ही गंगेत सोडली होती ना?”

मालनच्या आधी गोटीराम बोलले. “गंगेला पाणी कमी व्हतं.”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “रोज मोजायच्या आधी लावता?”

“रोज. बरोब्बर आधीच.”

“आधीच का पण?”

 मालन म्हणाली, “भ्या वाटतं. ती मशीन बघितली की छातीत धडधडतं. आज किती यील, आज किती यील. जास्ती आलं की पोरगी येवढुसं तोंड करती. म्हून जरा लावून धीर करते, अन् मंग बसते.”

हे ऐकलं आणि माझं झाकण सैल झालं. म्हणजे काय? सवत आली तेव्हापासून माझी गरज वाढली होती! भीती तिची, धीर माझा. आणि तो धीरच आकडा चढवत होता. चढलेल्या आकड्याने भीती वाढत होती, आणि वाढलेल्या भीतीने मालन पुन्हा माझ्याकडे येत होती. मी जिचा तीन वर्षं हेवा केला ती माझ्याच दुकानात गिऱ्हाईक पाठवत होती, आणि मला पत्ता नव्हता.

“आजी, तंबाखूने धीर आल्यासारखा वाटतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण ती नसा आवळते आणि हृदय पळवते. वर गरम चहा, वर मळ्यातून धावत आलेलं. मशीनने खरं तेच सांगितलं. आपण तिला विचारलं चुकीच्या वेळी. आणि मी त्या आकड्यावर गोळ्या वाढवत बसले.”

“मंग मला बीपी नायच का?” मालनने आशेने विचारलं.

“आहे. गोळी लागणारच. पण एवढी नाही.”

त्यांनी तीनातली एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी केली आणि बोट उगारून सांगितलं की हे मी कमी करतेय, तुम्ही मनाने कमी-जास्त करायचं नाही. एकदम बंद तर मुळीच नाही. आता सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मोजायचं. चहा नंतर. झोपेतून उठताना आधी काठावर बसायचं, दहा श्वास घ्यायचे, काहीतरी धरून उभं राहायचं. बाजारातही झटक्यात उठायचं नाही, गिऱ्हाईक थांबेल. मीठ कमी आहे ते बरंच आहे, तसंच ठेवा. पंधरा दिवसांनी दाखवा, आणि चक्कर आली तर त्याच दिवशी. “आणि ही?” त्यांनी पेनाने मला हलकेच ढकललं. “एका दिवसात सुटली नाही तर घाबरू नका. पण लावली तर सांगा. मला सांगा, नाहीतर सुनेला सांगा. चोरून लावलेली चिमूट जास्त महागात पडते.”

परत येताना मालनला एक कल्पना सुचली, आणि माझा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, “प्रतिभा, गोळ्या ह्या डबीत ठिवू का? घासूनपुसून. कमरेला राहतील, इसरणार नाय.” मी मनात हळदी-कुंकू वाटलं. पण प्रतिभा म्हणाली, “नको आई. गोळ्या त्यांच्या पाकिटातच बऱ्या, नाव आणि तारीख दिसते. आणि या डबीचं झाकण उघडलं की वास येणार. वास आला की बोट कुठे जाणार ते आपल्याला माहीत आहे.”

पोरगी हुशार आहे. हुशार पोरींमुळेच माझ्यासारख्यांचे संसार मोडतात.

पहिले दहा दिवस मालन चिडचिडली. तोंडात बडीशेप धरायची, मोटारीच्या खोलीमागे जाऊन नुसतीच बसायची. अकराव्या दिवशी राहवलं नाही. मला उघडलं. मी म्हटलं, आलीस ना! पण घरात येऊन तिने काय करावं? प्रतिभाने पट्टा पुढे केला तर म्हणाली, “आत्ता नको मोजू. आज लावली मी. अर्ध्या तासानं मोज.” प्रतिभाने पट्टा बाजूला ठेवला. अर्ध्या तासाने मोजलं, आणि त्या आकड्यापुढे वहीत बारीक अक्षरात लिहिलं: आज आईंनी मिश्री लावली होती. संपलं. ना आरडाओरड, ना शपथ. तीन वर्षांचं आमचं गुपित त्या वहीत एका ओळीत मावलं. मला तेव्हा कळलं की मी हरले. ओरडली असती तर मी जिंकले असते. ओरडण्यावर मी पोसलेली आहे.

नंतर आणखी दोनदा असं झालं, दोन्ही वेळा वहीत लिहिलं गेलं. मग एका सकाळी मालनने मला शेणखताच्या खड्ड्यावर उपडी केली, चिंच लावून घासली आणि कोनाड्यात ठेवली. आता तिचा दाब सकाळी एकशे चौतीसच्या आसपास येतो. चक्कर नाही. मोटारीच्या खोलीमागे ती अजूनही पाच मिनिटं बसते. एकटीच. त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

गेल्या रविवारी लंकाबाई मळ्यावर आली. बाजेवर बसली आणि तिची नजर कोनाड्यात गेली.

“मालन, ती डबी तुला लागत नाय आता. मला दे. माझ्या प्लास्टिकच्या डबीचं झाकण बसत नाय.”

मित्रांनो, माझ्या आट्याआट्यातून शहारा गेला. पुन्हा कनवट! पुन्हा पहाट! मालनने मला हातात घेतलं, पोच्यावरून अंगठा फिरवला.

“नाय द्यायची, लंके.”

“का गं? सोन्याची हाय का?”

“तुझं बीपी मोजलंय का कुणी?”

“मला काय झालंय? दोन पोती टोमॅटो उचलते मी.”

“म्हूनच इचारते. आज लावलीस का?”

लंकाबाई इकडे तिकडे बघू लागली. “आत्ताच. येता येता.”

“बरं झालं खरं सांगितलंस. मंग अर्धा तास बस इथं. चहा नंतर देईन.” मालनने शोकेसमधून माझी सवत आणली, पिशवीची चेन काढली आणि तिला बाजेवर ठेवलं. मला तिच्या शेजारीच ठेवलं. “अन् मोजताना बोलायचं नाय.”

“आगं, म्या बोलायची नाय तर करू काय?”

“बस. सवय हुईल.”

अर्धा तास आम्ही दोघी शेजारी शेजारी पडून होतो. मग माझ्या सवतीने लंकाबाईच्या जाडजूड दंडाला मिठी मारली आणि घर्रर्र केलं. आकडा आला. एकशे शहाऐंशी. मालनने पुन्हा मोजलं. तेवढाच. लंकाबाई पहिल्यांदाच काही बोलली नाही. मालन म्हणाली, “घाबरू नको. एका आकड्यानं काय ठरत नाय. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईकडं जाऊ. मी येते संगं. डबी घेऊन ये, तुझी. लपवायची नाय.”

म्हणजे आता सवतीला दोन बायका झाल्या, आणि मला एकही नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. मीही मागते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कनवटीला, उशाला किंवा खिशात माझं एखादं भावंड असेल. त्यांच्यावर ओरडू नका. जवळ बसा, विचारा, आणि त्यांनी खरं सांगितलं तर तोंड वाकडं करू नका. मोजायच्या आधी त्यांना निवांत बसू द्या. उठताना हात द्या. गोळ्यांचं डॉक्टरांना ठरवू द्या. आणि माझ्यासारखी डबी कुठे रिकामी सापडली, तर कृपा करून ती भरू नका.

हे मी मनापासून सांगत नाही. पण खरं तेच सांगते आहे.